उतारावर मोजलेलं तेल

चूक माझी होती. हे वाक्य मी परवापर्यंत कुणापुढे उच्चारलेलं नव्हतं — भावापुढे नाही, जुन्या मित्रांपुढेही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

सुनंदा, माझी बायको, पंचेचाळिशीत गाडी शिकली. तिची आई येरवड्याला, अंथरुणाला खिळलेली, आम्ही कोथरूडला. बस बदलत जाण्यापेक्षा आपलं आपण जावं, एवढंच तिच्या मनात. खिडकीखाली पोचली की ती हॉर्न वाजवायची, आणि सासूबाई आतून म्हणायच्या, "आली माझी ड्रायव्हरीण!"

मग गाडी अडखळायला लागली. पिकअप गेला, मागून निळसर धूर. एकदा पुलावरच बंद पडली. मागून कुणीतरी ओरडलं, "काकू, पोळ्या लाटा जाऊन!" घरी येऊन तिने हे सांगितलं, आणि मी — मी काय म्हणावं? "तुझा हातच बसलेला नाही गाडीवर. सारखा हाफ क्लच. दुसरं काय होणार?"

ती स्वयंपाकघरात निघून गेली.

त्या रविवारी मी बॉनेट उघडलं. एअर फिल्टर खालून तेलाने थबथबलेला. पुढच्या रबरी नळीत तेल, इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटलच्या झडपेवर काळा चिकट थर. इंजिनातली वाफ हवेच्या वाटेत सोडणारा छोटा व्हॉल्व्ह तुंबला असेल, म्हणून काढून हलवून पाहिला. खुळखुळ वाजला — म्हणजे ठीक. मग पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील का? सगळं तपासत होतो, फक्त इंजिनातल्या तेलाची पातळी दाखवणारी पट्टी काढून बघत नव्हतो. का? मला आधीच कळलं होतं का?

सोसायटीत आमची गाडी रॅम्पवर उभी असते. काही दिवसांपूर्वी तिथेच, त्या उतारावर, मी पट्टी पाहिली होती. तेल कमी दिसलं, ओतलं. तरी कमी दिसलं — आणखी ओतलं. आता गाडी सपाटीवर आणून मोजलं, तर तेल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर. जास्तीचं तेल वाफेच्या नळीतून हवेच्या वाटेत चढत होतं, आणि गाडीचा श्वास कोंडत होता.

जास्तीचं तेल काढलं, झडप स्प्रे मारून फडक्याने पुसली, नळी धुतली, नवा फिल्टर बसवला. गाडी पूर्वीसारखी पळायला लागली. आणि वर येऊन मी काय सांगितलं?

"चक्कर मारून आलो. माझ्या हातात तर नीट चालते."

"मग तुम्हीच चालवा," सुनंदा म्हणाली. किल्ली खुंटीला अडकवली, ती पुन्हा काढली नाही.

आईकडे ती पुन्हा बसने जाऊ लागली, आणि तिचं जाणं कमी होत गेलं. मी नेतो म्हणायचो — आणि राहून जायचं. एकदा नेलं, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "हल्ली हॉर्न ऐकू येत नाही गं तुझा?"

"मला नाही जमत गाडी, आई."

मी शेजारीच उभा होतो. किती शब्द लागले असते? तेवढेही निघाले नाहीत.

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. गाडी आता मी एकटाच चालवतो. सुनंदा रिक्षाने जाते. घरात दोघंच आहोत, आणि बोलतो ते दुधाचं, गॅसचं.

परवा तेल बघायला गाडी खाली सपाटीवर घेतली. सुनंदा भाजी घेऊन येत होती. थांबली.

"इथे कशाला आणलीत? पूर्वी जागेवरच बघायचात ना?"

पट्टी माझ्या हातातच होती. सांगितलं — उतार, तेल, फिल्टर, सगळं. पिशवी या हातातून त्या हातात घेत ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आईला सांगायला हवं होतंत हो."

"हो," मी म्हणालो. "हात तुझा नव्हता चुकला, माझा चुकला होता. त्यांच्यासमोरही मीच गप्प राहिलो. माझं चुकलं, सुनंदा."