गजभिये साहेबांची सहा मिनिटं

गजभिये साहेब रागावले की आवाज चढवत नसत, एकदम 'आपण' म्हणू लागत. एरवी मी त्यांची 'बाई' होते. हडपसरच्या कारखान्यात ते फोरमन, मी नवी इंजिनिअर. नागपूरकडून येऊन तीस वर्षं येरवड्यात राहिले, पण बोलण्यातलं 'का'ऐवजी 'काहून' काही सुटलं नव्हतं.

तेव्हा कारखान्यात नवे कॉम्प्युटर आले होते. आकडा पडद्यावर दिसला की वरच्यांना तो खराच वाटे. गरम हवेचा पाइप सुरू केला की तापता तापता जोडांचे बोल्ट सैल पडतात, ते चालू पाइपवरच पुन्हा आवळावे लागतात. म्हणून पाइप हात भाजण्याइतका तापायला किती वेळ लागेल, ते आधी ठरवायचं. मी कॉम्प्युटरवर हिशेब केला. अठरा मिनिटं.

साहेबांनी पाइपच्या टोकाला व्हर्नियर लावून जाडी मोजली. "पाइप काहून नाही पाहिला, बाई? ड्रॉइंगमधला जाड होता, हा पातळ आलाय. पंखाही मोठा बसवलाय. सहा मिनिटांत भाजेल."

मॅनेजर हसले. "गजभिये, तुमच्या अंदाजावर कंपनी चालत नाही आता."

"मग आपण सातव्या मिनिटाला हात लावून पाहावा," साहेब म्हणाले.

पाइप सुरू झाला. सातव्या मिनिटाला कुणी हात लावला नाही, मीही नाही. दहाव्या मिनिटाला पवार नावाच्या फिटरने बोल्ट आवळताना जोडावर डावा हात टेकवला. तळव्याची कातडी पाइपलाच राहिली.

चौकशीत काय लिहिलं? कामगाराचा निष्काळजीपणा, हातमोजे घातले नव्हते. अहो, हातमोजे दिले कुणी होते? अठरा मिनिटं पाइप गार राहणार म्हणून आम्हीच दिले नव्हते. त्या कागदाचा मला आजही संताप येतो, आणि त्याखाली माझी सही आहे याचा त्याहून जास्त.

गजभियेंनी सही केली नाही. महिन्याभरात त्यांच्यापुढे स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज ठेवला गेला. जाताना ते माझ्या टेबलाशी थांबले. "आकडा माझाही चुकतो, बाई. चुकला म्हणून लिहायला काय जातं?"

माझी नोकरी गेली असती. मी लिहिलं नाही.

गेल्या वर्षी साहेब वारले, तेव्हा त्यांच्या घरी पवार भेटला. त्याने हात जोडले, डाव्या हाताची बोटं सरळ होत नव्हती.

"मॅडम, माझ्या चुकीपायी साहेबांची नोकरी गेली," तो म्हणाला.

इतकी वर्षं तो आमचा कागद खरा मानून जगला होता. मी तिथेच, सगळ्यांदेखत, त्याला खरं सांगितलं. तो चपला घालून निघून गेला.