आजोबांचा मणका आणि माझा डावा पाय

बाळांनो, तुमच्या आजोबांच्या पाठीवर मी आयुष्यात एकदाच पाय दिला आहे, आणि तोही साक्षीदारासमक्ष.

हे आता लिहायचं कारण अमेय. परवा त्याने परदेशातून फोनवर सांगितलं, की त्याचा मणका सरकलाय आणि तिकडचे कोणी कायरोप्रॅक्टर ऑपरेशनशिवाय, नुसत्या हातांनी तो बसवताहेत. वर विचारतो, "आजी, तुमच्याकडे होतं का असं काही?" होतं, बाळा. भर बैठकीच्या खोलीत होतं!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही नगरला राहायचो. आजोबा सुप्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर, मी शाळेत इंग्रजी शिकवायची. तुमच्या आईचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं आणि मी घर लावायला काढलं होतं. लोखंडी कपाट तिरकं दिसत होतं. (फक्त मला.)

"अहो, दोन बोटं उजवीकडे घ्या."

"सरळ तर आहे!"

"तुम्हाला. व्याह्यांना तिरकं दिसेल."

आजोबांनी कपाट उचललं. कपाट सरळ झालं आणि आजोबा वाकडे झाले!

पहिल्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. तुमची आई रडायलाच लागली. "बाबा पाटावर बसणार नसतील तर मला कन्यादान नको, लग्नही नको!" मी वरकरणी धीर देत होते, पण कपाट माझंच होतं, तेव्हा रात्रीची झोपही माझीच गेली होती.

मग हातांनी मणके बसवणाऱ्या एका डॉक्टरांचं नाव कळलं. मला वाटलं, आखाड्यातलं कोणी दणकट प्रकरण असेल. पण हे गृहस्थ इतकं हलकं दाबायचे, की जणू आंबा पिकलाय का बघताहेत. मध्येच 'टक्' असा आवाज यायचा आणि आजोबांपेक्षा मीच जोरात ओरडायची.

"काका, पाटावर बसाल तुम्ही," डॉक्टर म्हणाले. "एक दिवसाआड इथे यायचं, घरी चटईवर पालथं पडायचं. पाठीवर कुणाचाही भार नको."

एवढं पुरे होतं! मी घरी येऊन सुवाच्य अक्षरात वेळापत्रक केलं, भिंतीवर लावलं. पालथे पडण्याची वेळ, कूस बदलण्याची वेळ, घंटा. खाली तांबड्या शाईत : 'रुग्णाच्या पाठीस कोणीही हात लावू नये.'

तेवढ्यात पाथर्डीहून वन्सं आल्या. म्हणजे आजोबांच्या थोरल्या बहीण.

"वैनी, घरात पायाळू बाई आसताना डाक्टर कशापायी?"

माझं हे गुपित मी शाळेत कुणालाही कळू दिलं नव्हतं. मी जन्मले ती पाय पुढे करून. अशा माणसाने पाय लावला, की धरलेली पाठ सुटते, असं आपल्याकडे मानतात. (पायाळूला जमिनीतलं धनही दिसतं म्हणे. मला कपाळावरचा चष्मा दिसत नाही.)

"वन्सं, मी मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावते!"

"मुलं लिव्हतील की. तुमी लाथ मारा."

"तिथे काय लिहिलंय बघा. हात लावू नये!"

"हात न्हाई म्हनलंय. पायाचं कुटं लिव्हलंय?"

नियमातली ही पळवाट दोन आठवडे मला सलत राहिली. लग्नाला चार दिवस उरले, तेव्हा मात्र राहवेना. 'हात' पुढे 'वा पाय' लिहायला मी तांबडं पेन घेऊन स्टुलावर चढले. खाली आजोबा वेळापत्रकानुसार पालथे. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की कागदही जरासा तिरका आहे...

मी तो सरळ केला. स्टूल सरकलं. माझा डावा पाय आजोबांच्या कमरेच्या बरोब्बर मध्यभागी आणि उरलेली मी कपाटावर!

मला डोळ्यांपुढे रिकामा पाटही दिसला, रडणारी तुमची आईही दिसली. आणि आजोबा सरळ ताठ उभे राहिले! "अगं, लागलं का तुला?"

"सुटली! पाठ सुटली!" वन्सं ओरडत दारात गेल्या.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "मणका गेल्या आठवड्यातच बसलाय. नशीब समजा, पुन्हा हलला नाही." पण हे ऐकायला गल्लीत होतं कोण? सगळे आमच्या दारात रांगेत!

आणि मी? मी चटईवर पालथी. माझाच मणका सरकला होता. डॉक्टर त्याच हलक्या हाताने 'टक्' करून म्हणाले, "मॅडम, तीन आठवडे." घंटा आता आजोबा वाजवत होते, दर वेळी दोन मिनिटं आधी.

"वन्सं, मला लावा की कुणाचा तरी पाय," मी शेवटी कण्हत म्हणाले.

"पायाळू गावात येकच हाय, वैनी. ती खाली पडलीय."

रांगेतल्या शेजारीणबाईंनी तोडगा काढला. "मॅडम, तुम्ही उठू नका. पाय जरा वर धरा, आम्ही पाठ आणतो!"

लग्नात आजोबा पाटावर देवळातल्या खांबासारखे ताठ बसले. तुमच्या आईने तेवढ्यासाठी डोळे पुसले. त्यांच्या शेजारी मी काटकोनात. दिवसभर आलेल्या प्रत्येकापुढे मी वाकलेलीच! व्याही सगळ्यांना सांगत होते, "बाई इंग्रजी शिकलेल्या, पण नम्रता बघा!"

आजोबांचा मणका आज जागेवर आहे. माझाही आहे. कपाट सरळ आहे. नम्रता मात्र तेवढी लग्नाच्या फोटोतच उरली आहे.