बलभीममामांची चिठ्ठी

तंबूची जागा ठरली की बलभीममामा आधी तिथं उताणे झोपायचे. चपला काढून बाजूला, टोपी छातीवर, डोळे मिटलेले. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणसाला ऊन लागलं. मी पाण्याची बाटली घेऊन धावलो, तर पडल्या पडल्याच म्हणाले, "सर, जिमीन आदी पाठीला इचारायची. खुट्याचं काय, त्यो कुटं बी जातोय." मग दोन हात सरकून पुन्हा झोपले, आणि तिथं तंबू उभा राहिला. बाकीचे तंबू मी डोळ्यांनी जागा बघून ठोकून घेतले होते. सकाळी त्या तंबूंतली मुलं पाठ चोळत उठली.

मामा आमच्या शाळेत शिपाई होते. शाळा सोलापुरात, मामांचं गाव मोडनिंबच्या बाजूला. शाळेमागच्या दोन खोल्यांत ते आणि कोंडामामी राहायचे. मामी एका कारखान्यात चादरीच्या सुताच्या कांड्या भरायच्या, त्यामुळे मामांच्या खिशात किल्ल्यांच्या जोडीला रंगीत सुताचे तुकडे कायम असायचे. कुणाची चप्पल तुटो, कुणाच्या दप्तराचा बंद निघो, मामा खिशात हात घालायचे.

दर हिवाळ्यात शाळेचं तीन दिवसांचं निसर्ग शिबिर असे. कागदोपत्री शिबिरप्रमुख मी. प्रत्यक्षात चूल मांडण्यापासून चर खणण्यापर्यंत सगळं मामांच्या अंगावर. मी शिट्टी वाजवायचो. एकदा चुलीच्या धुरानं एक मुलगी रडायला लागली. मी तिला धीर धरण्यावर छोटंसं भाषण दिलं, तिचं रडणं वाढलं. मामांनी तिला उचलून वाऱ्याच्या दुसऱ्या अंगाला बसवलं आणि म्हणाले, "धूर बी तुज्यासारकाच हाय बाय, वाट घावली की गप जातोय." ती हसली.

मामांकडे चौथी पास झाल्याचा दाखला होता, पण अक्षरं हातातून कधीच निघून गेली होती. सही तेवढी यायची, तीही कागद फाटेल इतकी दाबून. रजेचे अर्ज, बँकेचे फॉर्म, गावच्या सरपंचाला पत्र, सगळं ते माझ्याकडून लिहून घेत. मी मराठीचा मास्तर, अक्षर वळणदार, आणि त्याचा मला गर्वही होता. मी काय लिहिलं ते मामा कधी वाचून घेत नसत. सही कुठं करायची एवढंच विचारायचे.

शिबिराला दरवर्षी नवं नाव द्यायचं, अशी आमच्या शाळेची पद्धत होती. ते नाव फ्लेक्सवर, मुलांच्या बिल्ल्यांवर आणि प्रमाणपत्रांवर छापलं जाई. मुलांसकट, शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत प्रत्येकानं एका चिठ्ठीवर आपल्याला सुचलेलं नाव लिहायचं, सगळ्या चिठ्ठ्या कळशीत टाकायच्या आणि प्रार्थनेनंतर एक उचलायची. ज्याची चिठ्ठी निघेल त्यानं उभं राहून नावामागचं कारण सांगायचं. नाव बदलायचं नाही, हा नियम. त्यापायी एका वर्षी आमचं शिबिर 'चटणी भाकरी' या नावानं पार पडलं होतं आणि संस्थेच्या अध्यक्षांनी त्याच फ्लेक्सखाली उभं राहून भाषण केलं होतं. मुलं खूश होती. मला मात्र ते फार लागलं होतं. मराठीचा शिक्षक असताना असलं नाव, असं मला उगाच वाटत राहिलं.

त्या वर्षी शिबिर मामांच्या गावच्या माळावर ठरलं. जागा मामांनीच मिळवून दिली होती. माझ्या मनात 'क्षितिजस्पर्श' हे नाव पंधरा दिवसांपासून घोळत होतं. बायकोला चार वेळा ऐकवून झालं होतं. माझी चिठ्ठी मी सकाळीच कळशीत टाकली. थोड्या वेळानं मामा कोरा कागद घेऊन आले.

"सकूबाई असं लिवा," ते म्हणाले.

मी विचारलं, ही कोण. मामा खुर्चीवर कधी बसत नसत, त्या दिवशी कडेला टेकले. सकूबाई म्हणजे त्यांची आई. उन्हाळ्यात गुराखी आणि रस्त्याच्या कामावरची माणसं त्या माळावरून जात. पाणी अर्ध्या कोसावर. ती रोज डोक्यावरून हंडे आणून एका लिंबाखाली रांजण भरून ठेवायची. पुढं गावात नळ आला, रांजण फुटला. "गावानं नळाला पुडाऱ्याचं नाव दिलं," मामा म्हणाले. "आईचं कुटं बी न्हाय. तीन दिस त्या माळावर कापडावर तिचं नाव दिसलं तर लई बरं वाटंल, सर. भावाला बी सांगून ठिवलंय. चिठ्ठी निगाली तर."

मी मान डोलावली, पेन उघडलं. आणि माझ्या डोळ्यांसमोर फ्लेक्स आला. सकूबाई निसर्ग शिबिर. खाली अध्यक्ष, शेजारी मी. शेदीडशे चिठ्ठ्यांत ही एक निघते कशाला, असं मी स्वतःला सांगितलं आणि त्या कागदावर वळणदार अक्षरात 'क्षितिजस्पर्श' लिहिलं. माझ्या नावाला आणखी एक संधी, इतकाच हिशेब. मामांनी कागद न बघता त्याची घडी घातली, खिशातून निळं सूत काढून तिच्याभोवती गुंडाळलं, गाठ मारली. "आपली वळखू यावी," म्हणाले.

प्रार्थनेनंतर मुख्याध्यापिकांनी कळशीत हात घातला आणि वर काढला तेव्हा त्यांच्या बोटांत निळ्या सुतात बांधलेली चिठ्ठी होती.

मैदानाच्या कडेला घंटेजवळ मामा उभे होते. त्यांनी ती लांबूनच ओळखली. टोपी सरळ केली आणि न बोलावता दोन पावलं पुढं आले. त्यांचा चेहरा इतका उघडा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मॅडमनी चिठ्ठी माझ्याकडे दिली. मी गाठ सोडत होतो. गाठ पक्की होती, वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात मला सगळं स्पष्ट कळत होतं. कागदावर काहीही असो, मी 'सकूबाई' असं वाचलं असतं तर कुणी कागद मागून बघणार नव्हतं. केलेली चूक तिथल्या तिथं पुसता आली असती. मी कागद उघडला. माझं आवडतं नाव माझ्याच अक्षरात समोर होतं.

मी मोठ्यानं वाचलं, "क्षितिजस्पर्श."

टाळ्या पडल्या. मामा जागच्या जागी थांबले. मॅडमनी माईकवरून विचारलं, मामा, तुमची चिठ्ठी ना, सांगा की हे नाव कसं सुचलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वाट चुकलेला माणूस रस्ता विचारायच्या आधी बघतो तसं. मग माईकजवळ येऊन म्हणाले, "सरास्नी ठावं. नाव चांगलं हाय." आणि घंटा द्यायला निघून गेले.

मी त्यांच्या मागे गेलो नाही. दुपारी गेलो नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांना माझा एक जवळजवळ नवा स्वेटर दिला. त्यांनी घेतला. स्वेटर दिल्यावर मला जास्तच किळस आली स्वतःची.

शिबिरात फ्लेक्स मामांनीच बांधला, त्याच लिंबाला, चारही कोपरे ताणून. संध्याकाळी त्यांचा थोरला भाऊ आणि गावातली दोन माणसं माळावर आली. भाऊ सावकाश अक्षरं लावत फ्लेक्स वाचत राहिला. मग म्हणाला, "आईचं नाव लावनार व्हतास न्हवं?" मी चहाचा कप धरून दोन पावलांवर उभा होतो.

"चिठ्ठीच निगाली न्हाय," मामा म्हणाले, आणि भावाला चहा आणायला वळले.

माझी चूक झाकायला हा माणूस सख्ख्या भावाशी खोटं बोलला. त्याच वेळी मी पुढं होऊन खरं सांगायला हवं होतं. मी चहा संपवला. त्या शिबिराचं सगळ्यांनी कौतुक केलं, नावाचंही. आजही कुणी ते नाव काढलं की माझी मान खाली जाते.

त्यानंतर मामांच्या वागण्यात काही कमी झालं नाही. नमस्कार तोच, हाक तीच. पुढच्या वर्षी चिठ्ठ्यांच्या वेळी मात्र ते कागद घेऊन आले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "पोरास्नी टाकू द्या की." अर्ज लिहून घ्यायला येत, पण कमी.

मामा आता नाहीत. निवृत्तीनंतर गावी गेले आणि वर्षभरातच वारले. कळलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता. मला सारखा आठवतो तो त्यांचा शाळेतला शेवटचा आठवडा. पेन्शनचे कागद घेऊन ते माझ्याकडे आले. मी सगळे रकाने भरले. वारसाच्या रकान्यात कोंडामामींचं नाव सावकाश, सुटं सुटं लिहिलं. सही कुठं ते दाखवलं.

मामांनी सही केली नाही. कागद उचलून ते समोरच्या टेबलाशी, कार्यालयातल्या पाटील मॅडमकडे गेले. "म्याडम, ह्या रकान्यात काय हाय, वाचून दावा की."

मॅडम हसल्या. "सरांनीच लिहिलंय ना मामा?"

"व्हय, सरांनीच लिवलंय," मामा हळू आवाजात म्हणाले. "तरी वाचा."

मॅडमनी नाव वाचलं. मामांनी तिथंच दाबून सही केली आणि परत माझ्याकडे आले. "बराबर हाय, सर," म्हणाले. आवाजात टोचणी नव्हती. मला कमीपणा वाटू नये म्हणूनच सांगत होते. बोलायचं होतं ते सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं.

मी म्हणालो, "मामा, शाई ओली आहे. लगेच घडी घालू नका."

"बरं," म्हणाले. दोन्ही हातांत कागद उघडा धरून, शाई वाळेपर्यंत ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले. मी रजिस्टर उघडून हजेरी मांडत बसलो.