डागी आंबे

जेवण अंगावर आलंय आणि राग अजून उतरलेला नाही, अशा अवस्थेत वैजू कारखान्याच्या पडवीत भिंतीला टेकून डोळे मिटते. सकाळीच मालक नंदूशेठ तिच्यावर खेकसलेत. सावंतवाडीची लाकडी फळं म्हणजे कशी, गुळगुळीत, एकासारखं एक! आणि या बाईने आंब्यांवर काळे डाग काढलेत, केळी ठिपकेदार केलीत, पेरूला तर पोपटाची चोच लागलेली. "सांजेपर्यंत सगळे डाग बुजव, नायतर उद्या येव नको," असं सगळ्यांदेखत सुनावलंय. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

डोळा लागतो न लागतो तोच समोर लवूकाका. तिला ब्रश धरायला शिकवणारे, दोन वर्षांपूर्वी वारलेले. तिची टोपली मांडीवर घेऊन निवांतपणे एकेक डाग पुसतायत.

"हात लावू नकात हां, काका! मेल्यार पण मालकाचीच चाकरी करतास?"

"लोकांका बरी फळां व्हयी, गो. डागी कोण घेता?"

"झाडार लागतत ती अशीच आसतत!"

ती टोपली हिसकावते. फळं घरंगळत जातात ती थेट मासळीबाजारात. ओट्याओट्यावर माशांऐवजी लाकडी आंब्यांचे ढीग, पिवळे, लालसर गालांचे, सगळे सारखे. काका एक आंबा उचलतात, निरखतात, ठेवतात. दुसरा उचलतात.

"काय शोधतास?"

"माझो आंबो." त्यांचा आवाज चिरकतो. "जल्मभर रंगवलंय, आणि ह्यातलो एक पण माझो म्हणान ओळखाक येत नाय!"

वैजूला दया यायला हवी. येत नाही. उलट तिचं डोकं आणखी भडकतं. "मगे माका कित्याक तसाच शिकवलात? मी पयलो डाग काढलंय तेव्हा तुम्हीच फडको मारलात ना?"

बाजार नाही, आता तळ्याचा काठ आहे. ढीग मात्र पाठोपाठ आलेत.

"तुझो खयचो?" काका विचारतात.

"ह्यो!" ढिगातून आपला डागी आंबा ती एका झटक्यात उचलते आणि त्यांच्या तोंडासमोर नाचवते.

काका तो घेतात, डाग अंगठ्याने चाचपतात आणि कचकन चावा घेतात. हनुवटीवरून रस ओघळतो.

"गोड आसा!" ते जवळजवळ ओरडतात.

"झाले काय गो बुजवन?" हा आवाज नंदूशेठचा. वैजू दचकून जागी होते. पडवीत उन्हं आली आहेत. मांडीवर तिचा आंबा, आणि त्याच्या लाकडात खोल उमटलेले दात. समोरच्या एका दाताची जागा तेवढी सपाट. माडावरून पडले तेव्हा लवूकाकांचा तो दात गेला होता, हे साऱ्या कारखान्याला ठाऊक आहे.

वैजू ब्रश उचलते आणि चाव्याच्या आत पिकल्या गराचा रंग भरायला लागते.

"वैजू, मी काय इचारतंय?"

"ऐकलंय," ती मान वर न करता म्हणते. "ह्यो खाल्लेलो आंबो पुरो करतंय. मगे काय ती बोंब मारा."