पन्हाळीच्या अलीकडे

काश्मीरमधल्या आमच्या पोस्टवर ०५३० ला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर, ०७०० ला चहा आणि ०८०० ला गस्त असायची. मी नाईक होतो, दहा जवानांचं सेक्शन माझ्याकडे. चहाच्या वेळी शिपाई सोपान त्याच्या गावचं देऊळ सांगायचा. चाकणच्या पुढे टेकडीवरचं महादेवाचं जुनं हेमाडपंती देऊळ, चुन्याशिवाय बसवलेले दगड. आम्ही कुणी ते पाहिलेलं नव्हतं, तरी सगळ्यांना पाठ झालं होतं. नंदीचा डावा कान तुटलेला. गाभाऱ्यात उतरायला सात पायऱ्या, त्यातली सहावी डुगडुगणारी. घंटेचा लोलक हरवला म्हणून कुणीतरी कारखान्यात लेथवर बनवून आणलेला.

"आन उस्ताद, आमच्या महादेवाला पुरी प्रदक्षिणा न्हाई. पिंडीवरचं पाणी जिथनं भाईर पडतं, त्या पन्हाळीपातुर जायाचं आन माघारी फिरायचं. पन्हाळ वलांडायची न्हाई."

"ओलांडली तर?"

"आमचं वडील, तात्या, तिथंच उभं ऱ्हात्यात. कुणी पाय उचालला की असं वरडत्यात, खालच्या गावात ऐकू जातंय."

आमच्या गस्तीची हद्द एका नाल्यापर्यंत होती. तिथून परत फिरायचं, असा आदेश होता. सेक्शनने त्या नाल्याचं नाव पन्हाळ पाडलं.

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. मी मूळचा लातूरकडचा. रिटायर झाल्यावर थेरगावला घर केलं, चाकणच्या एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर झालो. गेटवरून ती टेकडी दिसते. नऊ वर्षं मी तिच्याकडे पाठ करून ड्युटी केली. या श्रावणात पन्नाशीतला एक नवा गार्ड रुजू झाला. त्याने वर बोट केलं, "सर, देऊळ कसलं ते?" मी त्याला पार सहाव्या पायरीपर्यंत सगळं सांगितलं.

"लई वेळा जाऊन आलेले दिसताय."

"एकदाही नाही," मी म्हणालो.

पुढच्या सोमवारी वीकली ऑफ होता. ०५४५ ला मोटारसायकल काढली. मोशीच्या पुढे कंटेनर अडकले होते, त्यांच्या फटीतून निघालो. ०६५५ ला टेकडीच्या पायथ्याशी पोहोचलो. बायकांच्या ताटात बेलाची पानं होती. नाइट शिफ्ट सुटलेले कामगार कंपनीच्या युनिफॉर्ममध्येच रांगेत उभे होते. मी पायऱ्या दोन-दोन करत चढलो.

नंदीचा कान तुटलेला होता. डावाच! मी त्यावर हात ठेवला आणि मोठ्याने हसलो. घंटा वाजवली. लोलक लेथचाच, त्यावर टूलच्या रेषा अजून होत्या. गाभाऱ्यात उतरताना पायऱ्या मोजल्या. सहावी हलली. मी परत वर आलो आणि पुन्हा तिच्यावर उभा राहिलो.

"ओ भाऊ," मागून एक बाई म्हणाल्या, "देव खाली हाय. पायरीवर काय नाचताय?"

दर्शन झालं. प्रदक्षिणेला निघालो तो जवळजवळ पळतच. देवळाच्या मागच्या अंगाला दगडी पन्हाळ आली, तिच्यातून दुधाळ पाणी वाहत होतं. कशात होतो कुणास ठाऊक, पाय उचलला गेला.

"माघारी, पावणं. पन्हाळ हाय ती."

आवाज हळू होता. काठी टेकून एक म्हातारा उभा होता. मी म्हणालो, "तात्या."

"कोन म्हनायचं?"

"सोपानच्या सेक्शनचा. त्याचा उस्ताद."

त्यांनी माझा हात धरला तो सोडेनात. "गुरव! अवो गुरव, सोपानाचं सायब आल्यात! च्या सांगा!" मग मला शेजारी बसवलं आणि आवाज खाली आणला. "एक इचारू? ते सायब लोक आल्तं तवा म्हनलं, हुकूम नसताना त्यो नाला वलांडून गेला. हितं लहानाचा थोर झालेलं पोरगं. त्याला माघारी फिरायचं कळू नये? तवापासनं मला लोकांना माघारी म्हनायची लाज वाटती. वरडत न्हाई मी आता."

मी सांगितलं.

त्या दिवशी ०९०५ ला नाल्यावर पोहोचलो. बाकीचे मागे खडकापाशी कव्हरला, पुढे सोपान आणि मी. मी वायरलेस सेटवर पोस्टला कळवलं, "ब्राव्हो वन, नाल्यावर पोहोचलो, परत फिरतोय. ओव्हर."

"रॉजर. आउट."

सेट खाली केला आणि पलीकडच्या चिखलात बुटांचे ठसे दिसले. ते सेटवर कळवून थांबायचं होतं. पण खबर मलाच आणायची होती. शाबासकी हवी होती.

सोपान म्हणाला, "उस्ताद, पन्हाळ वलांडायची न्हाई. माघारी फिरू."

"भित्र्या, इथं तुझा तात्या आहे का ओरडायला? चल."

तो हसला नाही. "मंग म्होरं मी," म्हणाला. ०९१० ला पलीकडे उतरला. पावसात सरकून आलेला भूसुरुंग फुटला, सोपान जागीच गेला. मी बारा पावलं मागे होतो.

चौकशीत विचारलं, नाला ओलांडायचा आदेश कुणी दिला? मी म्हणालो, "कुणी नाही सर. मी थांबवेपर्यंत तो पुढे गेला होता."

तात्यांच्या हातातल्या काठीकडे मी बघत होतो. ती उठावी असं वाटत होतं.

"त्यो म्हनला? पन्हाळ वलांडायची न्हाई म्हून?"

"हो. हेच शब्द."

"आन माघारी फिरू, त्येबी?"

"तेही."

ते उठले. काठी खालीच राहिली. "गुरव! अवो भाईर या! माझ्या पोराला ठावं हुतं! त्यो माघारी फिर म्हनला हुता!" रांग थांबली. गुरव ओल्या हातांनी बाहेर आले. तात्या त्यांना तीन वेळा तेच सांगत होते, हसत होते, आणि डोळ्यांचं पाणी पुसायचं त्यांच्या लक्षातच नव्हतं.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कागदावर द्याल?"

"देतो."

"मंग फिरा माघारी. प्रदक्षिणा अर्धी ऱ्हायली तुमची."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही माफी मागितली नाही. माघारी फिरलो, नंदीपर्यंत आलो. तेवढ्यात देवळामागून आरोळी आली, "माघारी!" सोपान सांगायचा तशीच. खालच्या गावात नक्की गेली असणार.

दुसऱ्या दिवशी ११०० ला लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर्ड पोस्टाने जबाब पाठवला. एक प्रत तात्यांकडे दिली. पुढे माझं काय व्हायचं ते होईल. त्या सकाळी सेटवर जायला हवा होता तो संदेश एवढाच होता:

ब्राव्हो वन. नाल्यावर पोहोचलो. पलीकडे ठसे. शिपाई सोपान म्हणतो, माघारी फिरू. बरोबर म्हणतो. दोघेही परत येतोय. ओव्हर.