दारातलं घमेलं

घरात तिला सगळे सोवळी म्हणायचे. डुकरं पाळणारी बाई आणि म्हणे सोवळी! पण तिचं वागणंच तसं. शेडच्या दारात औषधाच्या पाण्याचं घमेलं. त्यात पाय बुडवल्याशिवाय नवऱ्यालाही आत यायची सोय नाही. हॉटेलांतून आणलेलं खरकटं तासभर उकळल्याशिवाय एकाही डुकरापुढे पडायचं नाही. का, तर खरकट्यातून, बुटांतून पसरणाऱ्या डुकरांच्या तापावर ना औषध, ना लस. एकदा शिरला की शेड रिकामी करूनच जातो.

भिंतीला भिंत लागून दिराची शेड. हा पठ्ठ्या खरकटं तसंच ओतायचा. वर दात काढायचा, ‘‘वहिनी, डुकरं आहेत ती, पाहुणे नव्हेत.’’ सांगून सांगून तिचं तोंड दुखलं.

मग एका सकाळी दिराची दोन डुकरं मेलेली सापडली. तिसऱ्याचे कान जांभळे पडले होते. ‘‘पुरून टाकू, कुणाला कळतंय,’’ दीर म्हणाला. तिने सरळ गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. नियमच होता तसा. शिवाय तिची धाकटी डुकरीण आठवड्याभरात विणार होती. शेजारची पीडा गेली की ही वाचेल, एवढंच तिच्या डोक्यात.

डॉक्टर नमुने घेऊन गेले आणि तीन दिवसांनी हुकूम घेऊनच परतले. आजार सापडला तिथून एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारायची, आजारी असोत नाहीतर ठणठणीत.

‘‘माझ्या एकालाही ताप नाही,’’ ती म्हणाली. ‘‘बघा तरी तपासून.’’

‘‘खरं आहे, ताई. पण मधे नुसती एक भिंत आहे.’’

तिचं डोकं भणभणलं. इतकी वर्षं मरमर केली हिने, हलगर्जीपणा केला त्याने, आणि शिक्षा दोघांना सारखी. हा कुठला न्याय? त्यात दीर तिच्यावरच उखडला.

‘‘वहिनी, फोन केला नसतात तर तुमची तरी राहिली असती.’’

हे तिला जास्त झोंबलं. ती घमेल्यातलं पाणी बदलायला उठली.

दुसऱ्या दिवशी दिराची शेड उरकून, अंगभर पांढरे कपडे चढवलेली चार माणसं डॉक्टरांबरोबर तिच्या दारात आली. पहिला आत पाऊल टाकणार, तोच ती आडवी आली.

‘‘पाय बुडवा.’’

‘‘ताई, आता काय फरक पडतो?’’

‘‘आत डुकरीण गाभण आहे. पाय बुडवा.’’

डॉक्टरांनी नुसती मान हलवली. एकेकाने घमेल्यात गमबूट बुडवले. पाण्याचा आवाज ऐकून आतली डुकरीण, खाणं आलं असं समजून, उठून उभी राहिली.