लांगरी तात्यांचा हिरवा पाला

जेवणाऱ्याचं बूड जमिनीला टेकल्याशिवाय लांगरी तात्या बाटलीचं बूच काढत नसत. सरपंच असो की जावई, आधी बसायचं. मग तात्या बाटली कानाशी धरून खुळखुळवणार आणि परातीतल्या हिरव्या पाल्यावर धार धरणार. "आधीच भिजवली की पानं मरत्यात," म्हणायचे. "मेलेलं काय खायचं?"

दहिवडीच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्याच घरात भाड्याची खोली घेतली. तात्यांचं निम्मं आयुष्य पलटणीत स्वयंपाक करण्यात गेलेलं; लांगरी म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी. निवृत्त होऊन माण तालुक्यात परतले ते अधिकाऱ्यांच्या मेसमधलं सॅलड डोक्यात घेऊन! इकडे ती पानं कुठली मिळायला? मग कोवळी मेथी, कांद्याची पात, काकडी, मूठभर कोथिंबीर. पाच मिनिटांत परात तयार. बाटलीत शेंगदाण्याचं तेल, लिंबू, किसलेला गूळ, ठेचलेला लसूण, भाजलेल्या तिळांची पूड आणि मीठ. "तेल आन् लिंबू एकमेकांशी बोलत न्हाईत. हलवून बोलतं करावं लागतं." एकदा मी दही सुचवलं. "दही शिळ्या पानाची अब्रू झाकतं, बाई. माझी पानं ताजी हायत."

शेजारचे मेंढपाळ चेष्टा करायचे, "तात्या, शेरडांचा चारा खाताय व्हय?"

"शेरडू निवडून खातं. तुमी खाताय का?" असं म्हणून तात्या त्यांनाही बसवत. मग तीच मंडळी परात पुढे ओढत.

वाढण्याआधी चव घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. चव घेतो तो शिकाऊ, असा त्यांचा ठाम समज. पण खोटं कौतुकही खपत नसे. "जेवणाऱ्यानं लबाडी केली की सैपाकी बुडाला," हे मला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं.

मागच्या थंडीत तात्या आठवडाभर तापानं फणफणले. बरे झाल्यावर परात घेऊन बसले, आणि पहिल्याच घासाला माझं तोंड खारट झालं. समोरचे दोन पाहुणे मुकाट्यानं खात होते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी काकी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमीच सांगा, बाई. माझ्या तोंडून न्हाई निघायचं."

ज्या माणसाचा सगळा मान त्याच्या हातात, त्याचा हातच चुकतोय हे कसं सांगायचं?

"तात्या, मीठ फार झालंय."

त्यांनी बाटली खाली ठेवली. "मला कशाचीच चव लागत न्हाई आता," ते म्हणाले. "ताप गेला, पर जिभंची चव घिऊन गेला. बरं केलं सांगितलं."

त्या दिवसापासून बाटलीतला थेंब लावलेलं पहिलं पान माझ्याकडे येऊ लागलं. मी ते चावेपर्यंत तात्या माझ्या तोंडाकडे शाळकरी पोरासारखे बघत बसत. चूक इतक्या सरळ मनानं मान्य करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

यंदा माझी सांगलीला बदली झाली. निघायच्या सकाळी तात्यांनी परात मांडली. एक पान मला दिलं आणि दुसरं काकींपुढे धरलं.

"आवं, मला कच्चा पाला आवडत न्हाई."

"नसू दे आवडत. फकस्त खरं सांग."

काकींनी डोळे मिटून पान चावलं. "मीठ कमी हाय."

तात्यांनी लगेच माझ्याकडे पाहिलं. माझ्या जिभेला मीठ अगदी बेताचं लागलं होतं. पण उद्यापासून या घरात खरं सांगणार होत्या त्या काकी.

"काकी म्हणतात तसंच करा," मी म्हटलं, आणि तात्यांनी बाटलीत आणखी एक चिमूट टाकली.